आफ्रिकेला निघालात? यलो फीवरचं कार्ड जाण्यापेक्षा येताना जास्त लागतं

केनियातल्या मसाईमाराला जायचं ठरलं की घरात कॅमेरा, दुर्बीण, खाकी कपडे, सोबत न्यायचे डबे अशी चर्चा सुरू होते. विमानाचं तिकीट आणि जंगलातला तंबू कधीचा बुक झालेला असतो. ज्या एका कागदापायी परतीच्या दिवशी मुंबई विमानतळावरून घरी जाण्याऐवजी विलगीकरणात जावं लागेल, त्याची आठवण मात्र अनेकांना शेवटच्या आठवड्यात होते. तोवर उशीर झालेला असतो. यलो फीवरची, म्हणजे पीतज्वराची लस घेतली तरी तिचं प्रमाणपत्र, म्हणजेच हे कार्ड, पुढचे दहा दिवस लागू होत नाही, आणि ते दहा दिवस पैसे भरून किंवा ओळख लावून कमी करता येत नाहीत.

पहिल्यांदाच आफ्रिकेला किंवा दक्षिण अमेरिकेला निघालेल्यांसाठी हा लेख आहे. पर्यटक, नैरोबी-कंपालाला नोकरीसाठी निघालेली मंडळी, जहाजावर चढणारी कोकणातली आणि गोव्यातली मुलं, परदेशात राहणारे आणि सुट्टीत पेरू-ब्राझील करून मग पुण्याला आईवडिलांकडे येणारे, अशा सगळ्यांना हे लागू आहे.

कोविडमुळे विलगीकरण म्हणजे काय, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. पुढे ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआरचा अहवाल आला, परदेशातून येणाऱ्यांनी भरायचा एअर सुविधाचा फॉर्म आला. तो फॉर्म नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, आणि आता विमानतळावरचे सगळेच आरोग्यनियम संपले असा अनेकांचा समज झाला. पीतज्वराचा नियम कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे, कोविडच्या काळातही होता आणि आजही आहे. भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम १९५४ सालचे आहेत, बंदरांसाठीचे १९५५ सालचे. शिवाय इथे कोविडसारखी तपासणीची पळवाट नाही. ‘निगेटिव्ह’ अहवाल दाखवला, रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी दाखवली, तरी ती कार्डाच्या जागी चालत नाही. लशीची नोंद असलेलं कार्ड हाच पुरावा.

हा नियम नक्की कोणाचा?

सगळा घोटाळा इथे होतो, म्हणून यावर जरा थांबतो.

लोक विचारतात, ‘केनियाला लस लागते का?’ इंटरनेटवर शोधलं तर उत्तर सापडतं की पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडेच केनिया कार्ड मागतो. भारतात पीतज्वर नाही. मग प्रवासी निष्कर्ष काढतो की भारतातून जाणाऱ्याला लस लागत नाही. केनियात शिरण्यापुरतं हे बरोबर आहे. पण परत येताना तुम्ही पीतज्वराच्या देशातून भारतात येत असता, आणि तेव्हा कार्ड भारत मागतो. तुमचा पासपोर्ट भारतीय असला, तुम्ही जन्मापासून दादरला राहत असलात, तरी मागतो.

म्हणून प्रश्न तीन विचारायचे. ज्या देशात चाललो आहे तो देश कार्ड मागतो का? वाटेत किंवा पुढे ज्या देशांत जाणार आहे ते मागतात का? आणि परत येताना भारत मागेल का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर लस घ्यायची.

भारत याबाबतीत एवढा कडक का, हेही समजून घेतलं पाहिजे, कारण कारण कळलं की विमानतळाच्या आरोग्य काउंटरवरच्या माणसाचा राग येत नाही. पीतज्वराचा विषाणू ज्या डासामार्फत पसरतो तो एडिस इजिप्ती, म्हणजे आपल्याकडे डेंगी पसरवणाराच डास. तो मुंबईत, पुण्यात, नागपुरात घरोघरच्या कुंड्यांत आणि गच्चीवरच्या टायरांत आहे. आपल्याकडे फक्त विषाणू नाही. लोकांना पूर्वी हा आजार झालेला नाही, त्यामुळे अंगात प्रतिकारशक्तीही नाही. या आजारावर थेट असं औषध नाही. तीव्र झाला तर कावीळ, रक्तस्राव, मूत्रपिंडं निकामी होणं इथवर जातो. ऐन पावसाळ्यात एक जरी बाधित माणूस डासांच्या तावडीत सापडला, तर पुढे काय होईल याची कल्पना करा. ही भीती कागदावरची नाही. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ आली असताना तिथे कामाला असलेले काही चिनी नागरिक आजार घेऊन मायदेशी परतले आणि चीनमध्ये ११ रुग्ण सापडले. आशियात पीतज्वर असा पोचण्याची ती पहिली नोंद. तिथे पुढे तो पसरला नाही, हे आशियाचं नशीब.

पायरी १: तुमचा मार्ग यादीत बसतो का ते बघा

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पीतज्वराचा धोका असलेल्या देशांची यादी दिली आहे. आफ्रिकेतले केनिया, युगांडा, इथिओपिया, रवांडा, नायजेरिया, घाना, कॅमेरून, अंगोला, काँगो, सुदान, सेनेगल वगैरे देश तिच्यात आहेत. दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे ब्राझील, पेरू, अर्जेंटिना, कोलंबिया, बोलिव्हिया, इक्वेडोर, व्हेनेझुएला, पनामा आहेत, आणि क्रिकेट बघायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं त्रिनिदादही आहे. इजिप्त, मोरोक्को, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका यांत नाहीत. ही यादी बदलू शकते, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती स्वतः उघडून बघा. ट्रॅव्हल एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका.

यादी देशांची आहे, गावांची नाही, हे ध्यानात असू द्या. पेरूमधलं माचू पिच्चू उंचावर आहे, तिथे पीतज्वराचे डास नाहीत. नैरोबी शहरही थंड हवेचं. पण ‘आम्ही जंगलात गेलोच नाही’ हा युक्तिवाद मुंबईच्या आरोग्य काउंटरवर चालत नाही. पासपोर्टवर पेरूचा शिक्का आहे, एवढं त्यांना पुरतं.

आता वाटेतल्या थांब्यांकडे वळू. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे फसतात.

केनिया आणि टांझानिया अशी जोडसहल आपल्याकडे लोकप्रिय आहे. टांझानिया भारताच्या यादीत नसला, तरी केनियातून येणाऱ्याकडे टांझानिया कार्ड मागतो. मसाईमारा बघून गाडीने सेरेंगेटीकडे निघालात तरी सीमेवर ते दाखवावं लागतं. म्हणजे या सहलीत परतीच्या आधीच, मध्यावर, कार्ड लागणार.

दुसरा प्रकार: जायचं दक्षिण आफ्रिकेला, पण स्वस्त तिकीट मिळालं आदिस अबाबामार्गे किंवा नैरोबीमार्गे. दक्षिण आफ्रिका यादीत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण इथिओपिया आणि केनिया यादीत आहेत. अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबा झाला, तर दक्षिण आफ्रिकाही कार्ड मागते. परत भारतात येताना नियम असा: यादीतल्या देशात फक्त विमान बदललं, सगळा वेळ विमानतळाच्या आवारातच राहिलात आणि आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलं, तर सूट मिळू शकते. ‘मिळू शकते’ म्हणालो, ‘मिळते’ नाही. निर्णय अधिकाऱ्याचा. लांब थांबा असला की विमान कंपनी रात्रीपुरती शहरातल्या हॉटेलची सोय करते, आणि फुकट खोली मिळाली म्हणून प्रवासी खुशीने बाहेर पडतो. त्याक्षणी विमानतळाच्या आवारात राहण्याची अट मोडली. अशा मार्गाने जाणार असाल तर माझा सल्ला सरळ आहे: कार्ड काढून ठेवा. न काढताच निघालात, तर किमान थांबा छोटा निवडा, बाहेर पडू नका आणि सगळे बोर्डिंग पास जपून ठेवा.

तिसरा गैरसमज आखाताचा. नैरोबीहून दुबईमार्गे मुंबईला आलो म्हणजे ‘आम्ही दुबईहून आलो’ असं नव्हे. भारत मोजतो ते यादीतला देश सोडल्यापासूनचे सहा दिवस; तेवढ्यात भारतात आलात तर कार्ड लागतं. दुबईत विमान बदलण्यात चार तास गेले असतील तर तुम्ही अजून त्या सहा दिवसांतच आहात. उलट, केनियाहून निघून बहिणीकडे दुबईत दहा दिवस राहिलात आणि मग आलात, तर हा सहा दिवसांचा नियम तुम्हाला लागत नाही. तरी ती तारीख दाखवणारे पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं हाताशी ठेवा.

जहाजावरच्या लोकांचा हिशोब वेगळा. जहाज भारतात येण्याच्या आधीच्या ३० दिवसांत पीतज्वराच्या भागातल्या बंदराला लागलं असेल, तर प्रश्न उभा राहतो. पुढचा फेरा नायजेरियातल्या लागोसला की ब्राझीलमधल्या सांतोसला, हे खलाशाला चढताना माहीत असेलच असं नाही. म्हणून समुद्रावर नोकरी करणाऱ्याने कार्ड पहिल्या फेरीआधीच काढावं.

पायरी २: दहा दिवस मोजा

ज्या तारखेला लस घेतली, त्यानंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. १५ मे रोजी लस घेतली तर कार्ड २५ मेपासून चालतं.

समजा, तुम्ही २० मे रोजी मुंबईहून नैरोबीला जाणार, २३ला टांझानियात शिरणार आणि २८ला परत येणार. लस घेतली १५ मे रोजी. परतीच्या दिवशी, २८ तारखेला, तुमचं कार्ड लागू झालेलं असेल. भारतात अडचण नाही. पण २३ तारखेला टांझानियाच्या सीमेवर ते लागू नसेल. आणि मुळात २० ते २५ मे या दिवसांत तुम्हाला लशीचं पूर्ण संरक्षणही नसेल, हे कागदाच्या हिशोबात विसरू नका. शिवाय निघतानाही विमान कंपनीचे लोक कार्ड बघतात, आणि त्यांना हे बारकावे समजावत बसायला काउंटरवर वेळ नसतो.

म्हणून प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी लस घ्या. लवकर घेतल्याने काही बिघडत नाही, कारण ही लस आयुष्यात एकदाच घ्यायची. पूर्वी कार्डाची मुदत दहा वर्षं असायची. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बदल झाला आणि कार्ड आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जाऊ लागलं. हा बदल जुन्या कार्डांनाही लागू आहे. तुमच्या २००९ च्या कार्डावर ‘२०१९ पर्यंत’ असं लिहिलेलं असलं तरी ते आजही चालतं, आणि त्यावर खाडाखोड करून नवी तारीख घालायची गरज नाही. घालूच नका, खाडाखोडीने चांगलं कार्ड बाद होऊ शकतं.

पायरी ३: लस तुम्हाला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा

ही लस जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूची आहे. १७डी नावाचा तो विषाणू मॅक्स थायलर यांनी तयार केला आणि त्या कामासाठी त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. बहुतेकांना दोन-चार दिवस बारीक ताप, डोकेदुखी, अंगदुखी यापलीकडे त्रास होत नाही. पण विषाणू जिवंत असल्यामुळे काही जणांना ती देता येत नाही.

अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, थायमस ग्रंथीचा आजार असलेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले यांनी परस्पर केंद्रावर जाऊ नये. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावं. संधिवातासाठी स्टेरॉइड घेणाऱ्या आजीला ‘ही गोळी तर साधीच’ असं वाटतं, म्हणून ती सांगायचं विसरते. चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी न्या. गर्भवती स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनीही आधी विचारावं.

साठीच्या पुढच्यांबद्दल मला विशेष सांगायचं आहे. निवृत्तीनंतर आफ्रिकेची सहल करणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि ते सहसा ही लस आयुष्यात पहिल्यांदा घेत असतात. या वयात पहिल्या डोसनंतर गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता, ती एकूण फार कमी असली तरी, तरुणांपेक्षा जास्त असते. याचा अर्थ लस घेऊच नये असा नाही. खरंच धोका असलेल्या भागात जाणार आहात का, तब्येत कशी आहे, सहलीचा मार्ग बदलता येईल का, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. सहलीचे पैसे भरण्याआधी ठरवा. पैसे भरल्यावर माणूस तब्येतीचा विचार मोकळ्या मनाने करू शकत नाही.

लहान मुलांचं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला नेहमीच्या प्रवासासाठी ही लस देत नाहीत. नैरोबीहून बाळाला पहिल्यांदा आजीआजोबांकडे आणणाऱ्यांनी विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांना आधीच लेखी विचारावं आणि त्यांचं उत्तर व बालरोगतज्ज्ञांचं पत्र सोबत ठेवावं. नऊ महिन्यांच्या सुमारास गोवर-रुबेलाची लस असते, तीही जिवंत विषाणूची. दोन जिवंत लशी एक तर एकाच दिवशी घेतात किंवा त्यांच्यात किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. म्हणून बाळाचं लसीकरणाचं कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवून दोन्हींच्या तारखा एकदम ठरवा. मोठ्यांनी कांजिण्यांसारखी जिवंत लस नुकतीच घेतली असेल, तर त्यांनीही हे केंद्रावर सांगावं.

लस देता येत नाही असं डॉक्टरांचं मत पडलं, तर त्यांच्याकडून कारणासह इंग्रजीत, सही-शिक्क्याचं पत्र घ्या. लशीचं कार्ड म्हणजे एक पिवळी पुस्तिका असते, तिच्यात यासाठी वेगळं पानही असतं. मात्र हे पत्र म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. समोरचा देश ते मान्य करू शकतो, देखरेखीखाली ठेवू शकतो किंवा विलगीकरणात पाठवू शकतो. भारतात परतल्यावरही तसंच. पत्राच्या भरवशावर जाणाऱ्याने सहा दिवस अडकण्याची तयारी ठेवूनच निघावं, आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात लग्न ठेवू नये.

पायरी ४: केंद्र गाठा

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते; दुसरीकडची नोंद आंतरराष्ट्रीय प्रवासात धरत नाहीत. मुंबईत बंदर आरोग्य संघटना, विमानतळ आरोग्य संघटना आणि जे. जे. रुग्णालय, पुण्यात ससूनला लागून असलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगाव बंदराची आरोग्य संघटना ही जुनी, माहितीची केंद्रं. काही खासगी रुग्णालयांनाही मान्यता आहे. सरकारी केंद्रावर काहीशे रुपयांत काम होतं, खासगीत काही हजार लागू शकतात. कार्डाला मान दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे वेळ असेल तर सरकारी केंद्राला माझी पसंती.

जाण्याआधी अपॉइंटमेंट घ्या आणि लस शिल्लक आहे ना, हे त्याच दिवशी फोनवर विचारून घ्या. केंद्रं ठरावीक वारीच लस देतात याचं कारण लशीच्या बाटलीत आहे. एका बाटलीत अनेकांचे डोस असतात, आणि पूड द्रावणात मिसळली की ती काही तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकून द्यावी लागते. म्हणून केंद्र पुरेशी माणसं गोळा करतं. ‘मी लांबून, साताऱ्याहून आलोय, एकट्याला द्या’ या विनंतीला कर्मचारी नाही म्हणतात तेव्हा ते अडवणूक करत नसतात. उरलेले डोस वाया जाऊ नयेत म्हणून तसं करावं लागतं. उन्हाळी सुट्टीच्या आणि जुलैपासूनच्या मसाईमाराच्या हंगामाच्या आधी गर्दी होते, तेव्हा आणखी लवकर हालचाल करा.

सोबत मूळ पासपोर्ट न्या आणि त्याची झेरॉक्स न्या. आधार कार्ड चालवून घेतील या आशेवर जाऊ नका, कारण कार्डावर पासपोर्टचा क्रमांक लिहायचा असतो. पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला असेल तर तो हातात येईपर्यंत थांबा. पोट भरलेलं असू द्या. सुई टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. तीव्र ॲलर्जी झालीच तर ती याच वेळात कळते, म्हणून हळूच निघून जाऊ नका. पुढे रक्तदान करायचं असेल तर रक्तपेढीला लशीची तारीख सांगा.

पैसे घेऊन लस न देता कार्ड बनवून देणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादाला लागू नका. पहिलं कारण तुमचा जीव. दुसरं, अशी कार्डं पकडली जातात, आणि संशयानेही माणसं परत पाठवली जातात. मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने बनावट कार्डांच्या संशयावरून १२५ नायजेरियन प्रवाशांना विमानतळावरूनच माघारी धाडलं. पुढे दोन्ही देशांत तणाव झाला आणि दक्षिण आफ्रिकेने माफी मागितली, पण त्या प्रवाशांची कामं त्या दिवशी बुडालीच. खरं कार्ड असणाऱ्याकडेही कसून बघतात ते अशा प्रकारांमुळेच.

पायरी ५: कार्ड टेबलावरच तपासा

पिवळ्या रंगाची ती छोटी पुस्तिका हातात आली की खिशात टाकू नका. केंद्र सोडण्याआधी एकेक रकाना पासपोर्टशी ताडून बघा.

नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम. लग्नानंतर बदललेलं नाव. ‘देशपांडे’चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं, हे सगळं होतं. कार्डावर पासपोर्टचंच नाव उतरवून घ्या. जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक बघा. लस दिल्याची तारीख आणि कार्ड लागू होण्याची तारीख यांत दहा दिवसांचा फरक आहे ना? लस बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच क्रमांक आहे का? डॉक्टरांची हाताने केलेली सही हवी आणि केंद्राचा अधिकृत शिक्का हवा. तुमची स्वतःची सहीही लागते, आणि हीच जागा लोक कोरी सोडतात. मुलांच्या कार्डावर आई किंवा वडील सही करतात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं. आईच्या कार्डावर मुलाची नोंद चालत नाही.

चूक सापडली तर तिथेच नवीन कार्ड लिहून मागा. घरी येऊन पेनाने दुरुस्ती करू नका.

मग फोनमध्ये फोटो काढा आणि एक झेरॉक्स घरी ठेवा. मूळ कार्ड हरवलं तर ज्या केंद्रावर लस घेतली तिथल्या नोंदवहीवरून दुसरं मिळवताना ही झेरॉक्स फार उपयोगी पडते. प्रवासात मात्र मूळ कार्डच लागतं, आणि ते पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत हवं. पासपोर्ट बदलला तर जुना रद्द झालेला पासपोर्टही जवळ ठेवा, म्हणजे कार्डावरच्या क्रमांकाचा मेळ लावून दाखवता येतो.

याच पुस्तिकेत इतर लशींच्या नोंदीही करता येतात. हज-उमराला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस लागते, काही देशांसाठी पोलिओचा डोस लागतो. त्यांची मुदत आणि देशांची यादी वेगळी असते, ती वेगळीच बघा.

पायरी ६: परतीचा दिवस

भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच तपासणी होते. नैरोबीहून दिल्लीमार्गे पुण्याला येत असाल तर ती दिल्लीत होणार. इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचा काउंटर असतो. पासपोर्ट आणि कार्ड एकत्र द्या, कुठे गेला होता ते खरं सांगा. कार्ड नीट असेल तर काम लगेच होतं.

कार्ड नसेल, किंवा अजून लागू झालेलं नसेल, तर विलगीकरण. हा आजार अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून कमाल मुदत सहा दिवसांची. ती तुम्ही उतरल्यापासून धरत नाहीत, धोक्याचा देश सोडल्यापासून धरतात. वाटेत दोन दिवस गेले असतील तर चारच उरतात. त्याआधी तुमचं कार्ड लागू होत असेल, तर त्या दिवशी सोडतात. हा हिशोब अधिकाऱ्यासमोर शांतपणे मांडा, तारखांचे पुरावे दाखवा. वाद घालून किंवा कोणाला फोन लावून उपयोग होत नाही. राहण्याजेवणाची सोय, पाणी, आवश्यक औषधोपचार आणि घरच्यांशी संपर्क साधण्याची सोय मागण्याचा मात्र तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत प्रवाशाला सन्मानाने वागवण्याचं बंधन घातलेलं आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या सोबत असतील तर हा काळ बराच सुसह्य होतो.

घरी आल्यावर

कार्ड फक्त पीतज्वरापुरतं आहे. पूर्व आफ्रिकेत जाणाऱ्याला खरा, रोजचा धोका मलेरियाचा असतो, आणि त्यावर या लशीचा काही परिणाम नाही. जाण्याआधी डॉक्टरांकडून मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घ्या. त्या परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायच्या असतात, मुंबईत उतरल्यावर सोडायच्या नाहीत. तिकडे संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारं मलम आणि मच्छरदाणी वापरा. पीतज्वराचे डास दिवसा चावतात, मलेरियाचे रात्री, त्यामुळे मलम दोन्ही वेळा लावा.

परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांच्या खोलीत शिरताच पहिलं वाक्य ‘मी केनियाला जाऊन आलोय’ हे असू द्या, कारण आफ्रिकेतला मलेरिया एकदोन दिवसांत जिवावर बेतू शकतो आणि पावसाळ्यात इथे प्रत्येक ताप आधी डेंगी किंवा व्हायरल समजला जातो. मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या, आणि पहिली निगेटिव्ह आली पण ताप उतरला नाही, तर पुन्हा करा.